ऐतिहासिक कादंबरीचे कळीचे शब्द : नव्या लेखकासाठी मार्गदर्शन

कादंबरी छपाईला गेली की प्रकाशकाचा फोन येतो : "पाठराखण कधी देताय? आणि चार ओळी पोस्टसाठीही लागतील." पाठराखण म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा परिचयाचा मजकूर. चारशे पानं लिहिलेला माणूस या चार ओळींपाशी अडतो. मग घाईत जो मजकूर तयार होतो त्यात 'थरारक' असतं, 'जाज्वल्य' असतं, 'अंगावर रोमांच उभे करणारी महागाथा' असते, आणि शेवटी 'प्रत्येक मराठी माणसाने वाचायलाच हवी' असतं. हाच मजकूर नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीच्या पाठीवर छापता येईल. वाचकाने तो इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्याची नजर त्यावर थांबतच नाही.

त्याऐवजी हस्तलिखितातलेच सहा ते आठ कळीचे शब्द निवडायचे आणि निमंत्रणापासून ऑनलाइन विक्रीच्या पानापर्यंत सगळीकडे तेच खेळवायचे. त्या काळातली वस्तू, हुद्दा, काम, ठिकाण यांची ही नावं. असा एक नेमका शब्द वाचकाच्या कानावर पडला की "हे काय असेल?" हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. पुस्तक हातात घ्यायला तेवढा प्रश्न पुरतो. हे शब्द निवडायचे कसे आणि वापरायचे कसे, ते एक उदाहरण धरून पाहू.

उदाहरणाची कादंबरी

समजा, तुमची कादंबरी १७५५-५६ च्या विजयदुर्गावर आहे. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. पुढे आंग्र्यांच्या घरात फूट पडली. कुलाब्याकडे मानाजी आणि विजयदुर्गाकडे तुळाजी अशी वाटणी झाली. तुळाजी पेशव्यांना जुमानेनात आणि इंग्रज, डच यांच्या जहाजांनाही सोडेनात. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गासमोर आली. रॉबर्ट क्लाइव्हही त्या मोहिमेत होता. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती आणि तुळाजी बोलणी करायला किल्ल्याबाहेर त्यांच्या छावणीत गेले होते. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या इंग्रजांच्या 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं आणि आग जवळ नांगरलेल्या सगळ्या आरमारात पसरली. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

तुमच्या कादंबरीत हे सगळं आंग्र्यांच्या गोदीतल्या एका सुताराच्या मुलीच्या नजरेतून येतं, असं धरू. सुतार आणि मुलगी काल्पनिक, बाकी चौकट इतिहासाची.

पहिली पायरी : पेन्सिल घेऊन हस्तलिखित पुन्हा वाचा

आठवणीतून शब्द लिहू नका. आठवणीतून येतात ते मोठे शब्द : स्वराज्य, शौर्य, बलिदान, निष्ठा. हस्तलिखित पानापानाने वाचा आणि जिथे कुणीतरी काही काम करतंय अशा प्रसंगांवर थांबा. कुणी फळी तासतंय, कुणी शीड शिवतंय, कुणी चौकीवर कागद तपासतंय. त्या पानांत जो शब्द त्या काळाचा आणि त्या जागेचा वाटेल त्याखाली रेघ मारा, वहीत टिपा आणि शेजारी पान क्रमांक लिहा. पान क्रमांक महत्त्वाचा, कारण पुढे या शब्दाबरोबर उतारा लागणार आहे.

आपल्या उदाहरणात वही साधारण अशी भरेल : गुराब, गलबत, दस्तक, सरखेल, तांडेल (खलाशांचा मुकादम), डोलकाठी, गोदी, सागवान, फणस, वाघोटण खाडी, घेरिया (विजयदुर्गाचं इंग्रजी कागदांतलं नाव), चाचे, तह, उधाण, सुवर्णदुर्ग, बाणकोट.

या यादीत फणस कुठून आला, असं वाटेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, आरमाराचं प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड लागलं तरी रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत, ती लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी ताकीद त्यात आहे. सुताराच्या मुलीच्या कादंबरीत अंगणातल्या फणसावर कुऱ्हाड पडते की नाही, हा प्रसंग असेल तर 'फणस' हा तुमचा अतिशय ताकदीचा शब्द आहे. नवे लेखक फक्त जुने, अवघड शब्दच वेचतात. रोजचा शब्द अनोळखी जागी दिसला तरी माणूस तितकाच थबकतो. फणसाचा आरमाराशी संबंध काय, हे विचारल्यावाचून कोकणातला माणूस पुढे जायचा नाही.

दुसरी पायरी : चाळणी लावा

पंधरा-वीस शब्दांतून सहा ते आठ ठेवायचे. मी प्रत्येक शब्दाला पहिला प्रश्न विचारते : याच्याभोवती कादंबरीत भांडण आहे का? 'दस्तक' घ्या. दर्यात जायचं तर आंग्र्यांचा परवाना घ्यायचा, अशी त्यांची मागणी. परवाना नसेल तर जहाज पकडायचं. मुंबईकर इंग्रजांना हा हक्कच मान्य नव्हता. म्हणजे या एका कागदात मालकीचा पुरता वाद आहे : समुद्र कुणाचा? असा शब्द ठेवायचा. 'उधाण' सुंदर शब्द आहे, पण कुठल्याही कोकणी कथेत शोभेल. तो गाळा.

'चाचे' आणि 'सरखेल' ही जोडी तर हातची सोडूच नका. इंग्रजांच्या कागदांत आंग्रे म्हणजे चाचे. सातारच्या दरबारच्या लेखी ते सरखेल, आरमाराचे प्रमुख. माणूस तोच, पण कागद कुणाचा यावर नाव बदलतं. 'चाचा की सरखेल?' एवढं नुसतं निमंत्रणपत्रिकेवर छापलं तरी कार्यक्रमाला चार माणसं जास्त येतील, असं मला खात्रीने वाटतं.

दुसरा प्रश्न असा : शब्द ऐकल्यावर डोळ्यांपुढे काही उभं राहतं का, किंवा तुम्ही एका वाक्यात उभं करू शकता का? गुराबेचं चित्र काढता येतं. दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढे निमुळती होत गेलेली नाळ (जहाजाचं पुढचं टोक), नाळेकडून समोर डागणाऱ्या तोफा. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारे ३०० टनांची. गलबत तिच्याहून लहान, फार तर ७० टनांचं, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांनी पळणारं. 'तह' या शब्दाचं असं चित्र होत नाही, तरी तो ठेवायचा, कारण कथेचा सगळा पेच त्याच्यात आहे. कसोटीत न बसणारा एखादा शब्द ठेवायला हरकत नाही, फक्त तो का ठेवला हे सांगता आलं पाहिजे.

या टप्प्यावर अर्थाची खात्री करून घ्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर शोधता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. शिवकाळातल्या राज्यकारभाराच्या शब्दांसाठी राजव्यवहारकोश आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कागदपत्रांचे, ४५ खंड चाळले तर शब्द प्रत्यक्ष पत्रात कसा येतो तेही दिसतं. कोशातला अर्थ आणि पत्रातला वापर यांत पुष्कळदा फरक असतो. जाहिरातीत चुकीच्या अर्थाने वापरलेला शब्द जाणकार वाचक पहिल्या दिवशी पकडतो आणि मग कादंबरीबद्दलही शंका घेतो.

तिसरी पायरी : अनोळखी शब्दाला ओळखीचा सोबती द्या

गुराब म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून लेखक लिहितो : "गुराब म्हणजे एक प्रकारचे लढाऊ जहाज." अर्थ कळला आणि उत्सुकताही तिथेच संपली. शब्दाला व्याख्या देण्यापेक्षा काम द्या :

"वारा पडला तशी तीन डोलकाठ्यांची गुराब जागची हलेना. मग चार गलबतांनी दोर टाकले आणि वल्ही मारत तिला खाडीबाहेर ओढून काढलं."

गुराब मोठी, गलबत लहान, एक शिडाची, दुसरं वल्ह्यांचं, हे सगळं न सांगता कळलं. वारा पडल्यावर गलबतांनी गुराबा ओढायच्या ही त्या आरमाराची खरी रीत होती, त्यामुळे ओळ इतिहासालाही धरून आहे. प्रत्येक निवडलेल्या शब्दासाठी असं एक वाक्य हस्तलिखितातून शोधा. नसेल तर ते तुमच्या कादंबरीतही कमी आहे असं समजा आणि वेळ असेल तर प्रसंग दुरुस्त करा. छपाईआधी हा व्यायाम करायचा तो यासाठीच.

एका मजकुरात अगदी नवे शब्द दोनच असू द्या. गुराब, तांडेल, दस्तक, सरखेल, घेरिया असे पाच एका परिच्छेदात कोंबले की वाचकाला परीक्षेचा पेपर हातात आल्यासारखं वाटतं.

चौथी पायरी : पाठराखण

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. दुकानात उभा असलेला माणूस मुखपृष्ठ पाहतो, पुस्तक उलटतो आणि पहिल्या दोन ओळी वाचतो. त्या ओळींत 'मराठ्यांच्या देदीप्यमान इतिहासातील' असं असेल तर पुस्तक परत मांडणीत जातं.

आपल्या उदाहरणासाठी मी अशी पाठराखण लिहीन :

"बापाने घडवलेली गुराब वाघोटण खाडीत नांगरून पडली आहे, आणि बाप रोज रात्री तिच्या फळ्यांवरून हात फिरवून येतो. फेब्रुवारी १७५६. समोर दर्यात इंग्रजांची जहाजं, मागे डोंगरात पेशव्यांची छावणी, आणि दोघांना बांधणारा एकच तह. सरखेल तुळाजी आंग्रे बोलणी करायला किल्ला सोडून गेले आहेत. ते परत येतील असं सगळे म्हणतात. सुताराच्या मुलीला मात्र दुसरंच दिसतंय : सगळी जहाजं इतकी खेटून नांगरली आहेत, की एकावर ठिणगी पडली तर दुसऱ्याला पळायला जागा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर जहाजं तरंगत ठेवली त्याला आता त्यांतलं एक स्वतःच्या हाताने तोडायला सांगायचं, आणि तेही त्याच्या मुलीने."

यात कळीचे शब्द मोजके आहेत : गुराब, वाघोटण खाडी, तह, सरखेल, ठिणगी. नवा म्हणावा असा गुराब एकच. सरखेल पुष्कळांच्या कानावरून गेलेला असतो. 'तह' या शब्दाशी इंग्रज आणि पेशवे एका बाजूला आले, हे वाचून ज्याला हा इतिहास माहीत नाही तो दचकतो. ज्याला माहीत आहे त्याला आग लागणार हेही माहीत आहे, म्हणून 'ठिणगी'पाशी त्याच्या पोटात गोळा येतो.

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक शेवट जाणून असतो. विजयदुर्ग वाचला का, आरमाराचं काय झालं, हे त्याला शाळेपासून ठाऊक असेल किंवा दोन मिनिटांत मोबाइलवर सापडेल. म्हणून 'पुढे काय होणार?' हे गूढ धरून मजकूर रचण्यात अर्थ नाही. कुणावर काय गुदरलं, कुणाला काय निवडावं लागलं, इकडे शब्द वळवा. पाठराखणीतला शेवटचा पेच काल्पनिक माणसांचा आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्याही बखरीत मिळणार नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे.

लांबी शंभर शब्दांच्या आसपास. लेखकाचा परिचय आणि पुरस्कार आतल्या पानावर जाऊ द्या.

पाचवी पायरी : जागा पाहून शब्द

तोच शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अंगाने वापरायचा असतो. प्रकाशनपूर्व सवलतीच्या जाहिरातीत जागा दोन ओळींची, तिथे 'चाचा की सरखेल?' पुरे. गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गोदी' आणि 'वाघोटण खाडी' चालतील, कारण त्यांतल्या पुष्कळांनी विजयदुर्ग पाहिलेला असतो. गिर्ये गावाजवळ आंग्र्यांची गोदी म्हणून दाखवतात, तिचा स्वतः काढलेला फोटो आणि खाली कादंबरीतल्या दोन ओळी एवढंच टाका. देवगड, मालवण, रत्नागिरीकडच्या वाचकांसाठी आणि मुंबईतल्या कोकणी मंडळांसाठी फणसाचा उतारा काढा. दिवाळी अंकाला प्रकरण देणार असाल तर प्रकरणाचं शीर्षकच 'दस्तक' ठेवा.

व्हॉट्सॲपसाठी एक नमुना :

"समुद्रात जायचंय? आधी दस्तक दाखवा. नसेल तर जहाज आमचं. अठराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर हे ज्यांनी कंपनी सरकारला सुनावलं, त्यांच्या गोदीतल्या एका सुताराची ही गोष्ट."

ग्रंथालयांकडे नवे लेखक फार दुर्लक्ष करतात, याची मला खंत वाटते. महाराष्ट्रात ऐतिहासिक कादंबऱ्यांचा मोठा वाचक आजही सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक नेतो. तिथे शिफारस करतो तो ग्रंथपाल, आणि सभासद त्याला उभ्याउभ्या विचारतो : "काय आहे यात?" त्या वेळी ग्रंथपालाच्या तोंडी एक वाक्य हवं. ते तुम्ही तयार करून पुस्तकाबरोबर छोट्या चिठ्ठीवर द्या : "तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळलं, त्या वेळी गोदीत काम करणाऱ्या सुतार कुटुंबाची कादंबरी." यात अनोळखी शब्द एकही नाही आणि तो नसावाही. ग्रंथपाल वाक्य सांगताना अडखळता कामा नये. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात किंवा साहित्य संमेलनाच्या गाळ्यावर स्टॉल असेल तर विक्रीला बसणाऱ्या मुलांनाही हेच वाक्य पाठ करायला द्या.

सहावी पायरी : शोधात सापडण्यासाठी

आता थोडं तांत्रिक. हे न केल्यामुळे चांगल्या कादंबऱ्या ऑनलाइन सापडत नाहीत.

मराठीत नामाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं. आंग्रे लिहिलं की पुढे आंग्र्यांनी, आंग्र्यांचं होतं. किल्ला लिहिलं की किल्ल्यावर, किल्ल्याचा. शोधणारा माणूस मात्र 'आंग्रे' किंवा 'किल्ला' असंच टाइप करतो, आणि शोधयंत्राला ही रूपं दरवेळी जुळवता येतील याचा भरवसा नाही. तुमच्या वर्णनात सगळीकडे 'आंग्र्यांच्या आरमाराची' असंच असेल, तर 'आंग्रे आरमार' शोधणाऱ्यापुढे तुमचं पुस्तक येईलच असं नाही. म्हणून प्रत्येक कळीचा शब्द मजकुरात एकदा तरी मूळ रूपात, प्रत्ययाविना येऊ द्या : "तुळाजी आंग्रे, विजयदुर्ग, मराठा आरमार, १७५६" अशी एक ओळ वर्णनाच्या शेवटी घातली तरी काम होतं.

एकाच गोष्टीची दोन नावं असतील तर दोन्ही द्या. इंग्रजी कागदांत विजयदुर्ग म्हणजे घेरिया आणि आंग्रे म्हणजे आंग्रिया. परदेशात वाढलेली मराठी मुलं किंवा इंग्रजीतून आरमाराचा इतिहास वाचणारे याच नावांनी शोधतात. पुष्कळ लोक मराठी शब्दही रोमन लिपीतच टाइप करतात. ऑनलाइन दुकानाच्या अर्जात शोधशब्दांचे रकाने असतात, ॲमेझॉनच्या केडीपीवर (लेखकाला स्वतः पुस्तक प्रकाशित करायची सोय) ते सात आहेत. तिथे 'कादंबरी' किंवा 'पुस्तक' असे सर्वसाधारण शब्द भरून जागा घालवू नका. शीर्षकात जे आलंय तेही पुन्हा नको. काळ, ठिकाण, व्यक्ती, विषय आणि पर्यायी नावं यांनी रकाने भरा. गाजलेल्या दुसऱ्या कादंबरीचं किंवा लेखकाचं नाव तिथे घुसवणं नियमात बसत नाही आणि सभ्यपणातही बसत नाही.

छापखान्याची फाईल पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती पाठराखण तिथून उचलून ऑनलाइन पानावर चिकटवली की अक्षरांचा कचरा होतो. मजकूर युनिकोडमध्ये स्वतंत्र टाइप करून घ्या आणि तपासा. आणखी एक : मुखपृष्ठाच्या चित्रात छापलेलं नाव शोधात सापडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक पोस्टमध्ये कादंबरीचं नाव, तुमचं नाव आणि दोन कळीचे शब्द मजकूर म्हणूनही लिहा.

सातवी पायरी : हे शब्द हाताळताना जपा

विजयदुर्गासारख्या विषयावर लिहिलं की 'गद्दारी', 'दडवलेला इतिहास', 'खरा इतिहास प्रथमच' हे शब्द वापरण्याचा मोह होतो. त्यांनी गर्दी जमते, भांडणही जमतं. पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने आंग्र्यांचं आरमार संपवलं, यावर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे आणि तो गंभीर वाद आहे. तुमच्या कादंबरीने त्यात काही नवं दाखवलं असेल तर ते पानांतून दिसू द्या. 'गद्दार' हा शब्द पोस्टवर टाकलात की पुढचे आठ दिवस लोक एकमेकांच्या जातीवर बोलतील आणि सुताराच्या मुलीबद्दल एक अक्षर बोलणार नाहीत. ज्यासाठी वर्षं घालवली ते पुस्तक त्या गदारोळात हरवावं, असं तुम्हाला खचितच वाटत नसेल.

अतिशयोक्तीचे शब्द इतिहासापुढेही टिकत नाहीत. 'मराठा आरमाराचा शेवट' असं लिहायचा मोह होईल. पण पेशव्यांचं आरमार पुढे विजयदुर्गावरच धुळप या आरमारी सरदारांच्या हाताखाली होतं, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज पकडलं. कुलाब्याची आंग्रे गादी तर १८४० पर्यंत होती. तेव्हा 'तुळाजींच्या आरमाराचा शेवट' लिहा. एका शब्दाने विधान खरं होतं आणि वजनही कमी होत नाही. किल्ला पडल्यावर इंग्रजांनी तो लगेच पेशव्यांच्या हवाली केला नाही. त्याच वर्षी झालेल्या पुढच्या तहात बाणकोट घेऊन मग विजयदुर्ग सोडला. हे ठाऊक असलेला लेखक 'बाणकोट' हा शब्द योग्य जागी वापरतो आणि जाणकाराला लगेच कळतं की हा माणूस कागद वाचून आलाय.

काल्पनिक पात्र खरं असल्यासारखं मांडू नका. 'इतिहासाने विसरलेली वीरकन्या' असं सुताराच्या मुलीबद्दल लिहिलंत तर कुणीतरी पुरावा मागेल, आणि मागणं रास्तच असेल. 'इतिहासाच्या चौकटीतली काल्पनिक मुलगी' असं सरळ लिहा. कादंबरीचा वाचक त्याने नाराज होत नाही.

आठवी पायरी : वेळ आणि कान

प्रकाशनाच्या साधारण दोन-तीन महिने आधी पहिला शब्द बाहेर काढा आणि पंधरा दिवसांनी एक या बेताने पुढे जा. सुरुवात सोप्या, कुतूहलाच्या शब्दाने करा, फणस किंवा गोदी. दस्तक मध्यावर. 'चाचा की सरखेल?' निमंत्रणासाठी राखून ठेवा. प्रत्येक शब्दाबरोबर पाचेक ओळींचा उतारा द्या, प्रकरण देऊ नका. विजयदुर्गाच्या घटनेची तारीख फेब्रुवारीतली आहे, त्यामुळे प्रकाशन त्या महिन्यात धरता आलं तर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनाही निमित्त मिळतं.

पहिल्या पन्नासेक माणसांचं वाचून झालं की त्यांचं बोलणं ऐका. ते कादंबरीबद्दल दुसऱ्याला सांगताना कोणता शब्द वापरतात? तुम्ही 'दस्तक'वर भर दिलेला असतो आणि वाचक म्हणतात, "ती फणसाची गोष्ट वाचलीस का?" असं झालं तर वाचकांचं ऐका. त्यांनी उचललेला शब्द ऑनलाइन वर्णनात वर आणा, पुढच्या कार्यक्रमात तोच उतारा वाचा, स्टॉलवरच्या चिठ्ठीतही तो घाला. पाठराखण दुसऱ्या आवृत्तीला बदलता येईल, पण विक्रीच्या पानावरचा मजकूर त्याच संध्याकाळी बदलून टाका.